परवान्याआधी धंदा का सुरू केला? आपले अनुभव लिहावेत

सरकारी हिशेबात बेकार ठरलेली माणसे प्रत्यक्षात दिवसभर राबून कमावत असतात, हे मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी घानाच्या आक्रा शहरात पाहिले आणि त्यातून १९७०च्या दशकाच्या आरंभी अशा नोंदीबाहेरच्या कामधंद्यांसाठी ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा रूढ झाली. गोव्यातही असे धंदे जागोजागी आहेत. ज्यांनी ते सुरू केले त्यांनी नेमके कारण लिहावे. ‘गरज होती’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती. आलेली काही उत्तरे पुढे देत आहोत.

डिचोली, रस-ऑम्लेटचा गाडा

आमचा ट्रक खाणीवर चालत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग काही सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केल्यामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. शेवटी ट्रक विकला आणि संध्याकाळचा गाडा लावला. गाडाच का, तर ऑम्लेटवर घालायचा शागोतीचा (कोंबडीच्या मसालेदार रश्श्याचा) रस आईला उत्तम जमत होता, पोदेर (पाववाला) पाव उधारीवर देत होता आणि रात्री दहापर्यंत अंड्यांचा ट्रे संपला की दुसऱ्या दिवसाचे भांडवल हातात येत होते. ट्रकच्या बिलासाठी महिनोन् महिने ताटकळलेल्या माणसाला रोजच्या रोख पैशाचे मोल फार असते. सुरुवातीला नोंदणी मी टाळली, हे कबूल करतो. तेव्हा वर्षाला १०० रुपये भरून अन्नसुरक्षा नोंदणी होत असे, हे मला दुसऱ्या गाडेवाल्याकडून कळले आणि त्याच आठवड्यात मी ती केली.

म्हापसा, शुक्रवारचा बाजार

सासूबाई बसत त्याच जागी मी सोलां (आमसुले) आणि घरचे नारळ विकते; गणेश चवथीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचे, सामानही असते. आमचा धंदा नोंदीबाहेरचा म्हणतात, पण सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, आम्ही प्रत्येक बाजाराला भरतो आणि त्याच्या पावत्या मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. कर्जासाठी तो डबा घेऊन बँकेत गेले, तेव्हा साहेबांनी तो उघडूनही पाहिला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मी बसू लागले याचे कारण एवढेच, की हा पैसा थेट माझ्या हातात येतो आणि मुलीच्या फीसाठी मला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

फोंडा, घरी शिवणकाम

सासरे अंथरुणाला खिळलेले असल्याने घर सोडता येत नव्हते; म्हणून मशीन त्यांच्या खाटेजवळच मांडले.

वाळपई, मोबाइल दुरुस्ती

सरकारी नोकरीची वाट पाहताना मावशीच्या ओसरीवर तात्पुरते टेबल मांडले होते. आता वयोमर्यादा उलटली आहे. दुकान घ्यावेसे वाटते, परंतु ओसरीला भाडे नाही, म्हणूनच चार्जिंगच्या खाचेत अडकलेला कचरा वीस रुपयांत काढून देणे मला परवडते आणि त्याच कामाने गावातली बहुतेक गिऱ्हाइके जोडली गेली आहेत.