कसर, खोट आणि ‘थर धरला नाही’

मूळ प्रश्न, वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

वाळूजच्या एका कारखान्यात मी वेल्डिंगची तपासणी करते. वर्षभरापासून आमच्याकडे रोबोच्या हाती टॉर्च, म्हणजे वेल्डिंगची बंदूक देऊन, तार वितळवत थरावर थर चढवून अख्खा भाग उभा करायचं काम चालू आहे. नेहमीच्या कामात सांधा तेवढा वेल्डचा असतो. इथे सगळा जॉबच वेल्ड. ऑपरेटरांसाठी तपासणीचा तक्ता मराठीत करायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडकले.

‘इम्परफेक्शन’ आणि ‘डिफेक्ट’ या दोन्हींना आपण ‘दोष’ म्हणून मोकळे होतो. वेल्डिंगच्या आयएसओ ६५२० या मानकात ते वेगळे आहेत. आदर्श वेल्डपेक्षा जे जे वेगळं ते इम्परफेक्शन, आणि त्यातलं जे चालवून घेता येत नाही तेवढंच डिफेक्ट. मागे एका ग्राहकाच्या रिपोर्टात मी ‘दोष: कडेला लाटा’ असं लिहिलं. अशा भागाच्या बाजूला लाटा येणारच. मशीनिंगसाठी जादा माल ठेवलेला असतो, त्यात त्या निघून जातात. पण ‘दोष’ वाचून लॉट परत आला. त्याच महिन्यात दुसऱ्या जॉबमध्ये दोन थरांमधली न वितळलेली जागाही ‘दोष’ म्हणूनच नोंदली गेली, त्याच रकान्यात. लाटांसारखंच काहीतरी असेल म्हणून कुणी थांबवला नाही. शेवटच्या कटाला जॉब थरावरून उकलला. दोन्ही वेळा शब्द माझाच होता, म्हणून विचारते आहे: या दोन्हींसाठी मराठीत वेगवेगळे शब्द कोणते घ्यावेत?

लातूर, आयटीआयमधले निदेशक

ताई, पहिल्यासाठी ‘कसर’ घ्या. ‘थोडी कसर राहिली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, काम झालंय पण जरा कमी पडलंय. दुसऱ्यासाठी ‘खोट’. सोन्यात खोट निघाली की सोनार पुढं भावाचं बोलतच नाही. आमच्याकडं हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जनावराचा ‘ऐब’ बघतात, तोही शब्द चांगला आहे, पण पोरांना आता तो फक्त दारू-जुगारापुरता माहीत आहे.

जालना, रोलिंग मिल

सर, ‘खोट’ला माझी हरकत आहे. आमच्या मोंढ्यात खोट म्हणजे तोटा. ‘यंदा तुरीत खोट आली’ असंच बोलायलेत सगळे. दुसरं, न वितळलेल्या जागेला मिलमधी काही नाव नाही, पण सळईचा वरचा पदर सुटला की ‘पापुद्रा निघाला’ म्हणतात. तो घ्या की.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, मोंढ्यातली खोट पैशाची, जॉबमधली खोट मालाची. ‘या थरात खोट आहे’ म्हटल्यावर कुणी हिशेबाची वही काढणार नाही. मी ‘खोट’ ठेवते.

‘पापुद्रा’ मला फार आवडला, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवायला हवा. भाकरीचा पापुद्रा आधी एकजीव असतो, मग सुटतो. आमच्या जॉबमध्ये वरचा थर खालच्यात कधी मिसळलेलाच नसतो. करंट कमी पडला, टॉर्च जोरात पळाली किंवा वितळलेल्या तारेच्या शेजारशेजारच्या दोन रांगांमध्ये जास्त अंतर राहिलं, की वरचा माल खालच्यावर नुसता बसतो. वरून बघाल तर रांग सुरेख दिसते, म्हणून ही खोट सगळ्यात वाईट. आत दबून राहिली तर सहसा अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी लावल्याशिवाय सापडत नाही. आमचे वेल्डर यासाठी एकच वाक्य बोलतात: ‘थर धरला नाही.’ कोशातलं एखादं भारदस्त नाम आणण्यापेक्षा मी हे वाक्यच तक्त्यात घालणार आहे. २०१७ मध्ये रॉटरडॅमला जहाजाचा ब्राँझचा पंखा असाच २९८ थरांत उभा केला. २९८ थर म्हणजे ‘धरला का?’ हा प्रश्न २९७ वेळा.

परभणी, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या

‘पोरॉसिटी’ला, म्हणजे वेल्डमध्ये पोकळ्या राहतात त्याला, काय घातलंत? ‘सच्छिद्रता’ का?

मूळ प्रश्नकर्ती

तेच घातलं होतं, बाई, पण खोडलं. सच्छिद्र म्हणजे माठ, ज्यातून पाणी पाझरतं. आमच्या वेल्डिंगच्या कामातले बुडबुडे बहुतेक बंद असतात, आतल्या आत. आपल्या भागात विहीर खणताना काळ्या पाषाणाबरोबर मांजऱ्या लागतो ना, तसं. लाव्ह्यातला वायू बाहेर पडायच्या आत दगड थिजला आणि पोकळ्या राहिल्या. ॲल्युमिनियमच्या तारेचंही हेच: वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन मावतो तो थिजलेल्या ॲल्युमिनियमच्या साधारण वीसपट. थिजताना तो बाहेर येऊ बघतो आणि अडकतो. हा हायड्रोजन येतो तारेवरच्या ओलाव्यातून, तेलातून. पावसाळ्यात उघडं राहिलेलं तारेचं स्पूल (रीळ) मी आता बाजूलाच काढते.

कामगार ‘जाळी पडली’ म्हणतात. अनारशाला जाळी पडली की सुगरणीचं कौतुक होतं, म्हणून मला तो शब्द इथे नको वाटतो. मी ‘अडकलेला बुडबुडा’ लिहिलं आहे, आणि ओळीने असतील तर ‘बुडबुड्यांची माळ’. माळ दिसली की कारण शोधायला सोपं जातं. मे महिन्यात आमच्याकडे स्टीलच्या एका जॉबला एकाच बाजूने अशी माळ निघाली. बघते तर उकाड्याने हैराण झालेल्या पोराने पंखा टॉर्चकडे वळवला होता; वितळलेल्या धातूला हवेपासून जपणारं गॅसचं आवरण वाऱ्याने उडत होतं. त्याला रागावले नाही. शेडमध्ये बसवत नव्हतं, हे खरंच होतं. पंख्यापुढे पत्रा उभा केला.

लातूर, निदेशक

आणि ज्या प्लेटवर थर चढवता ती वाकते ते? पुस्तकात ‘अवशिष्ट ताण’ आहे. पोरं पाठ करतात, पण समजत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

त्याला ‘कोंडलेला ताण’. प्रत्येक थर थंड होताना आक्रसतो, खालचा घट्ट माल त्याला आक्रसू देत नाही. ताण आत कोंडून राहतो. क्लॅम्प सोडला की प्लेटची दोन्ही टोकं वर उचलतात, तो ‘बाक’. कोंडलेला ताण हे कारण, बाक हा परिणाम. तक्त्यात मोजायला बाकच ठेवला आहे, मिलिमीटरमध्ये, पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून.

जालना, रोलिंग मिल

ताई, पटलं. खोट राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

नवा तक्ता सोमवारी भिंतीवर लागला. काल दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने पहिल्यांदाच स्वतःहून नोंद केली: ‘१४ वा थर, डावी कड, धरला नाही. खोट.’ जॉब तिथेच थांबवला. ग्राइंडरने तो थर उतरवून परत चढवला.