एकटीने व्हिएतनाम: हनोईतले पहिले दोन दिवस कसे जातात?

पाटावरवंटा: नोव्हेंबरात दहा दिवस व्हिएतनामला एकटीच चाललेय. वय ४६, शाकाहारी, अंडं चालतं. परदेशात एकटी पहिल्यांदाच. ई-व्हिसा हातात आलाय. हनोई, मग होई आन असा बेत आहे. काय बघायचं ते यूट्यूबवर आहेच, पण त्यात सगळे सारखे हसतच असतात. उतरल्यावर पहिले दोन दिवस अंगावर काय येतं, ते जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

खटपट्या: रस्ता. बाकी सगळं नंतर. जुन्या हनोईत फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या, उरलेल्या जागेत बुटकी प्लास्टिकची स्टुलं, म्हणजे चालायचं रस्त्यावरूनच. होआन किएम तळ्यापाशी मी दहा मिनिटं नुसता उभा होतो, पुण्याचा असून! शेवटी कांद्याच्या पातीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंनी माझा दंड धरला आणि निघाल्या. घाई नाही की थांबणं नाही. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. तुम्ही दचकून थांबलात की त्यांचा अंदाज चुकतो. आपल्यासारखं हात दाखवत पळायचं नाही. बस आणि गाड्यांना मात्र आधी जाऊ द्या, त्या वळसा घालत नाहीत.

विमानतळावरून ८६ नंबरची केशरी बस थेट जुन्या भागात येते.

निळीछत्री: ताई, मला नोटांनी दणका दिला. वीस हजार डाँगची नोट निळी, पाच लाखांचीही निळी, दोन्हीवर हो चि मिन्ह. पहिल्याच रात्री अंधुक उजेडात स्कूटरवाल्याला वीस हजार म्हणून पाच लाख दिले. म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर गेले. तोही काही बोलला नाही. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात. हिशेब सोपा आहे: तीन शून्यं उडवा, तिनाने गुणा, वर थोडं धरा.

जेवणाचं म्हणाल तर ‘चाय’ हा शब्द पाठ करा. तिकडे चाय म्हणजे शाकाहारी! पाटीवर हा शब्द दिसला की बिनधास्त आत शिरा. इतर ठिकाणी नुसती भाजी दिसली तरी तिच्यात माशांचा सॉस असू शकतो. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी चंगळ. अंडं चालतं ना? मग एग कॉफी चुकवू नका. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून बलक फेटून घातला, ती ही कॉफी. वास येईल असं वाटलं होतं, पण ती चक्क खरवसाच्या नात्यातली निघाली.

पाटावरवंटा: दोघांचेही आभार. नाशकात रोज अ‍ॅक्टिव्हा चालवते. तिथे भाड्याने घेऊ का?

खटपट्या: नको. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ते वाहतूक कराराखालचा, व्हिएतनाम १९६८ चा मानतो. दुकानदार काही न विचारता किल्ली देईल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. ग्रॅब अ‍ॅपवर बाइक बोलवा, मागे बसा.

निळीछत्री: आणि नोव्हेंबरात होई आन? मध्य व्हिएतनामात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऐन पुराचे दिवस, तेव्हा जुन्या गावातल्या गल्ल्यांतून होड्या फिरतात. उत्तरेत मात्र तेव्हा हवा छान, कोरडी. त्यापेक्षा तिथल्या निन्ह बिन्हला तीन दिवस द्या. फक्त होई आनजवळचं ‘मी सन’ राहील याची हळहळ. चाम राजांची शैव देवळं आहेत ती, आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली, तेव्हा २०२० मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं.

पाटावरवंटा: होई आनचं हॉटेल आत्ताच रद्द केलं, पैसे परत मिळतायत. मी सन पुढच्या खेपेला, मार्चमध्ये. रस्त्याचा सराव आजपासून द्वारका चौकात सुरू करते. निन्ह बिन्हला ट्रेनने जावं की बसने?