पोट्ट्यांसाठी जगबुडीच्या कादंबऱ्या: २०८० सालातल्या कायले, इथल्याच लिहा ना

खारपाणातला
वाद घालायलाच लिहून रायलो, आधीच सांगतो. गावात आम्ही चार जणांनी समाजमंदिराच्या एका खोलीत वाचनालय चालू केलं, आठवी ते बारावीचे पोट्टे-पोट्ट्या येतात, त्यायच्यासाठी शहरातून कोणीतरी खोकं भरून पुस्तकं पाठवली. त्यात निम्मी ते हल्ली लई चालते ना तसली, हवामान पार बिघडल्यावरचं जग, सन २०८० नाहीतर २१००, समुद्र शहरात घुसला, पाणी कार्डावर भेटते आणि सोळा वर्षांची एक पोरगी सगळ्यायले वाचवते. दहावीतल्या एका पोट्टीनं पुस्तक वाचून टेबलावर आणून ठेवलं न म्हणे, दादा याच्यात नवीन काय हाय, टँकर येते, लाइन लागते, भांडणं होतात, हे तर होऊनच रायलं.
आमचा खारपाण पट्टा, विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. जमिनीखाली पाणी आहे पण खारं, बोअर मारली तरी त्या पाण्यात डाळ शिजत नाही. पाण्यावर बसून पाण्याची वाट पाहायची. आता अशा गावातल्या पोराच्या हातात तुम्ही तेच "भविष्य" म्हणून देता, ही फसवणूक वाटते मले. माझं म्हणणं एवढंच, लेखकांनी ही गोष्ट आजच्या तारखेची लिहावी, आणि ते एकट्या पोरीनं जग वाचवणं बंद करावं. इथं एका पोरीनं ग्रामपंचायतीत नळाचा अर्ज दिला तर त्याले तीन महिने उत्तर नाही.

झाडीपट्टीचा मास्तर
साफ अमान्य. मी नववीला भूगोल शिकवतो. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर गेला तेव्हा पोरं काय म्हणत होती माहीत आहे? "सर, आपला नंबर पहिला!" अभिमानानं. २०२४ हे वर्ष जगाच्या सरासरीत उद्योग सुरू व्हायच्या आधीच्या काळापेक्षा दीड डिग्रीनं जास्त गेलं, असं संपूर्ण वर्ष पहिल्यांदाच, हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला की दीड डिग्रीनं काय होते सर, आपल्याकडं तर ४५ असतेच. यात चूक पोराची नाही. "आज" त्याला उन्हाळा म्हणून ओळखीचा आहे, आजोबालाही होता, नशिबात आहे. गोष्ट साठ वर्षं पुढं नेली की तोच पोरगा पहिल्यांदा विचारतो, इथवर आणलं कोणी? म्हणून मला ते २०८० लागतं. तुमच्या त्या पोट्टीनं "हे तर होऊनच रायलं" म्हटलं ना, ते पुस्तक वाचल्यावरच म्हटलं. आधी कधी म्हटलं होतं का?

कपाशी सात एकर
मास्तर, तुमचं बरोबर असन पण ते पुस्तक लिवणारे कधी उन्हात गेले हायेत का बाप्पा? म्या पोराचं घेऊन वाचलं एक. ती पोरगी भर बारा वाजता डोक्याले दुपट्टा न बांधता तीन कोस धावते न मंग वरून भाषण देते. आमच्याइकडे बारा वाजता कुत्रंबी नालीतून उठत नाही.
आन दुसरं, त्यायचं जग एकाच रात्री बुडते, मोठी लाट आली की खलास. अशी नसते जगबुडी. बीटी बियाणं २००२ ले आलं, बोंडअळीचं टेन्शन गेलं म्हणे. २०१७ ले बोंड फोडून पायलं त अंदर गुलाबी अळी बसून. झाड हिरवंगार, बोंडं भरलेले, दुरून पायलं त फोटो काढावा असं शेत, अंदर कापूस खाऊन साफ. फवारणीवर फवारणी, त्या साली यवतमाळात फवारता फवारता माणसं मेले इषबाधेनं. हे लिवा ना कोणी. बाहेरून सगळं ठीक दिसते न अंदर काहीच नाही, याच्याहून भेव वाटणारं काय पायजे पोट्ट्यायले? आमचं जग लाटेनं नाही, हप्त्या-हप्त्यानं जाते, सोसायटीच्या हप्त्यावानी.
त्याच पुस्तकात सरकारनं दहा वर्षांत समुद्राले भिंत घातली हेबी हाय. आमच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ले झालं, काम चालूच हाय. भिंतीचं वाचून हासूनच पडलो, त्याले म्हंतात सायन्स फिक्शन.

बीएस्सी दुसरं वर्ष
सगळे दादा आणि काकाच बोलून रायले म्हणून मी लिहिते. मला ती पुस्तकं आवडतात आणि कारण पाणीबिणी नाही. त्यातली पोरगी रात्री एकटी बाहेर पडते. कोणी विचारत नाही कुठं चालली, कोणासोबत, मोबाइल दाखव. जग बुडालंय पण तिच्यावर नजर ठेवायला कोणी उरलं नाही. मी अमरावतीला हॉस्टेलवर आहे, गावी आले की दिवे लागणीनंतर दुकानात जायचं तरी भाऊ सोबत पाहिजे. खारपाणातले दादा म्हणतात एकट्या पोरीनं जग वाचवणं बंद करा. का बंद करा? पोरं वाचवतात तेव्हा कोणी असं म्हणत नाही. वाचताना मला एवढंच दिसते की ती ठरवते आणि निघते.

खारपाणातला
हे डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो. पण ताई, पोरीले मोकळं फिरायले आधी जग बुडवावं लागते, हे तरी बरं हाय का? न बुडवता फिरू द्या ना तिले गोष्टीत. मी माझ्या मुद्द्यावर आहे, गोष्ट आजची पाहिजे.

वणीचा, सध्या पुण्यात
मध्येच घुसतो, एसी दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडं टेक्निकल बोलू द्या. विदर्भावर भविष्यातली गोष्ट लिहायची तर समुद्र कशाला, आपला कूलर घ्या. कूलर चालतो कारण आपला मे महिना कोरडा. बाजूच्या गवताच्या ताट्या ओल्या, पंखा त्यातून गरम हवा ओढतो, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जुलैत तोच कूलर लावा, नुसती चिकचिक, कारण हवेतच ओल आहे, पाणी उडणार कुठं. आपल्या अंगातला घाम पण हेच काम करतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं बांधून जे माप येतं ते बघायचं, ४५ डिग्रीला हवा कोरडी असली की ते २४-२५ च्या आसपास राहतं, म्हणून आपण जिवंत. ते ३५ ला गेलं तर धडधाकट माणूस सावलीत बसून, पाणी पिऊन, पंख्याखाली पण काही तासांत मरतो. हे कागदावरचं, नंतरच्या प्रयोगांत हद्द त्याहून खालीच निघाली.
आता कल्पना करा, ४३ डिग्री आणि हवेत जुलैची ओल. पारा नेहमीपेक्षा कमी, टीव्हीवर "दिलासा" म्हणून सांगतात आणि गावातले सगळे कूलर एका दुपारी निकामी. मी तर इथूनच सुरू करीन कादंबरी. आणि हे आज होत नाही दादा, म्हणून पुढच्या सालातलीच लागते.

झाडीपट्टीचा मास्तर
घ्या, याला म्हणतात गोष्ट. आमच्या भंडारा-गोंदियाकडं धानाचे बांध, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हवेत आधीच जास्त ओल, म्हणजे पहिली पाळी आमचीच. गंमत बघा, ते मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच आम्हाला तारलं, आणि तुमच्या गोष्टीत त्याचंच बाष्प अंगावर येणार. मी हे उद्या वर्गात सांगतो, बघू मागचा बाक काय म्हणतो.

कपाशी सात एकर
कूलरचं पटलं. मोटर जळते ते बी टाका.

खारपाणातला
ठीक आहे, कूलरपुरतं २०८० मान्य, बाकी नाही. मीच लिहून पाहतो पहिलं पान, पोट्ट्यायले वाचून दाखवीन. हिरो कोण ठेवू, वायरमन?

बीएस्सी दुसरं वर्ष
दादा, तुमच्या घरी कूलरमध्ये पाणी कोण टाकते?

खारपाणातला
बहीण. टँकरचं पाणी, सहा बादल्या, रोज पाच वाजता.

बीएस्सी दुसरं वर्ष
मग वायरमन कशाला? कूलर बंद पडला हे सगळ्यात आधी तिलेच समजन. तिच्या हातात बादली द्या आणि सुरू करा, मी वाचते.