मदत हवी आहे: केटल ग्रिलमध्ये मंद आच कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी, गच्चीवर केटल ग्रिल, म्हणजे कोळशाची झाकणवाली गोल शेगडी, आहे. चिकन तंगडीला ते झकास: निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या, आतून ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवायचं. अडतंय ते बकऱ्याच्या अख्ख्या मांडीला धूर देताना. तिला ११० ते १२० अंशांवर कित्येक तास हवेत, पण बाजारातला लाकडी कोळसा भराभर पेटतो आणि पारा दीडशेपार जातो. हवा आत सोडणारी खालची झडप आवळली की पांढरा धूर कोंडतो, मांस कडू होतं.

कोळसा कसा रचता? करवंटीच्या कोळशाच्या विटा जास्त टिकतात का? आणि धुरासाठी पेरूचं लाकूड घ्यावं की चिंचेचं? माझा कल पेरूकडे आहे. रविवारी पाहुणे येताहेत, त्याआधी कुणी अनुभवी सांगा ना.