पॉलिशआधीची घासाई: तुमचे हात कुठे पोळले?

माळ्यावर पडलेली आजोबांची सागवानी आरामखुर्ची खाली काढली. जुनं पॉलिश लवकर निघावं म्हणून 80 नंबरचा सँडपेपर (नंबर लहान तितका पेपर खरखरीत) उभा-आडवा, जमेल तसा फिरवला. हाताला गुळगुळीत लागलं. अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला मात्र, मांजरानं ओरबाडल्यासारख्या काळ्या रेघा वर आल्या. लाकडाच्या रेषांना आडवं घासलं की ओरखड्यांत रंग जाऊन बसतो, हे तेव्हा कळलं. फजिती एकट्यानं का सोसायची? आपापली लिहा. यशोगाथाही चालतील, पण नंतर.

कोल्हापूर
वाड्याचा दरवाजा, ऑइलपेंटचे पाच-सहा थर. कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला. रंग सुटला खरा, पण सागवान काळवंडलं. मग व्हिनेगर-पाण्यानं धुणं, आठवडाभर सावलीत वाळवणं आणि पुन्हा पहिल्यापासून घासाई. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका.

नाशिक
व्हिनियर! प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मशीन कोपऱ्यावर क्षणभर थांबलं आणि खालचं प्लाय दिसलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

वसई
बाबा सुतार. 80, 120, 180, मधला एकही नंबर गाळायचा नाही. 180 झालं की ओल्या फडक्यानं लाकूड पुसून वाळू द्यायचं. दबलेले तंतू उभे राहतात, दाढीच्या खुंटांसारखे हाताला लागतात. मग 220 अगदी हलक्या हातानं. त्यापुढे जाऊ द्यायचे नाहीत. फार तुळतुळीत लाकूड रंग कमी पितं म्हणायचे. शेवटी ट्यूब बंद करून टॉर्च आडवा धरायचे, राहिलेला ओरखडा लगेच सापडतो. सागवान तेलकट, म्हणून पॉलिशआधी थिनरचं फडकं. (थिनर मारताना विडी ओढणारा पॉलिशवाला मी पाहिलाय.)

न्यू जर्सी
इथे पाइन स्वस्त, म्हणून शेल्फ पाइनचं केलं. स्टेन लावला आणि गजकर्ण झाल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या फळीला आधी चपडा लाखेचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या) पातळ हात दिला, वाळल्यावर 320 फिरवला, तेव्हा रंग सारखा बसला. स्टेन तेलातला घ्या, स्पिरिटमधला लाखच विरघळवतो.

पुणे
जोडातून आलेलं फेविकॉल बोटानं पुसलं होतं, तिथे स्टेन मुरलाच नाही. टीपॉयवर माझ्या बोटांचे फिकट ठसे कायमचे उमटलेत. वसईकर, भेगांना लांबी (पुट्टी) कसली भरता?

वसई
चॉक पावडर, गेरू, पिवळी माती, वर थोडं फ्रेंच पॉलिश. लाकडावर ओलं बोट फिरवा, जो रंग दिसेल त्याला जुळवा. पॉलिशनंतर लाकूड साधारण तेवढंच गडद होतं. कोरड्या लाकडाला जुळवलेली लांबी पुढे ठिगळासारखी दिसते.

धागाकर्ता
टॉर्च धरून पाहिला. खुर्चीचा डावा हात साफ झालाय, उजव्यावर अजून अकरा रेघा. 120 चा पेपर संपला, दुकान सोमवारी उघडेल.