मदत हवी आहे: गेमिंगसाठी स्वतंत्र साउंड कार्ड घ्यावे का?

नमस्कार मंडळी. संगणकावर गेम खेळण्यासाठी स्वतंत्र साउंड कार्ड घेणे आजच्या घडीला कितपत योग्य आहे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. मदरबोर्डवरील चिपचा आवाज एरवी स्वच्छ असतो. मात्र हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावला, की ग्राफिक्स कार्डावर ताण येताच बारीक किरकिर ऐकू येते आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो. मागच्या जॅकला हा त्रास बराच कमी होतो, त्यामुळे दोष चिपपेक्षा कॅबिनेटमधून फिरणाऱ्या वायरीचा असावा, असा माझा कयास आहे.

लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने कार्डाचा आग्रह धरला आणि वर गेमचा वेगही वाढेल, असे ठासून सांगितले. हे काही पटत नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंड या विंडोजमधील आवाज हाताळणाऱ्या प्रणालीला साउंड कार्डाच्या हार्डवेअरकडून मिळणारी मदत बंद झाली आणि गेममधील आवाजाची बहुतेक आकडेमोड प्रोसेसरच करू लागला. मग हे कार्ड नेमका कोणता भार हलका करणार?

माझा हेडफोन २५० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा असल्याने चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज मात्र खरी आहे. तेव्हा मदरबोर्डवरील खाचेत बसणारे पीसीआय एक्सप्रेस साउंड कार्ड घ्यावे, की कॅबिनेटबाहेर राहणारा, अ‍ॅम्प्लिफायरसह येणारा यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचे हेडफोनला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण)? गिरगावातील आमच्या जुन्या इमारतीत अर्थिंग यथातथाच आहे. अशा ठिकाणी यूएसबीवाटेही ती किरकिर येते का, हे कुणी अनुभवले असल्यास कृपया कळवावे.