मदत हवी आहे: श्वसनसंस्थेचं मॉडेल, फुगे फुगतच नाहीत

मंडळी, मुलगा सातवीत आहे, शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि त्याने ते नेहमीचं बाटली-फुग्यांचं मॉडेल घेतलंय. पाण्याची बाटली बुडाशी कापली, बुचाला भोक पाडून स्ट्रॉ घातला, आत त्याला दोन फाटे काढून दोन फुगे बांधले आणि खाली मोठा फुगा कापून ताणून बसवला, ते श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा). आता खालचं रबर ओढलं की आतले फुगे फुगायला हवेत ना, तर ते नुसते लटकलेत, उलट बाटलीच्या बाजूच आत दबतात. बुचाभोवती एम-सील लावून झालंय.

दुसरं म्हणजे ह्याने एक प्रश्न काढलाय, आपण हवा ओढतो म्हणून छाती फुगते की छाती फुगते म्हणून हवा आत येते? घरात दोन पार्ट्या पडल्यात. आजोबा म्हणतात हवा भरली की फुगणारच, त्यात काय विचारायचं. आणि मॉडेलमधे फुग्यांभोवती एवढी मोकळी जागा दिसते, खऱ्या छातीत अशी पोकळी असते का? परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं?

प्रतिसाद १
ताई, बाजू दबतात म्हणालात तिथेच घोळ आहे. रबर ओढल्यावर बाटलीतली जागा वाढली पाहिजे, तरच आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा स्ट्रॉतून फुग्यात शिरते. बाटलीच आत दबली तर वाढलेली जागा गेली ना. छातीत बरगड्या हे होऊ देत नाहीत. कोल्ड्रिंकची जाड बाटली घ्या, आणि आतले फुगे लहान घेऊन आधी तोंडाने फुगवून सैल करा, नवे फुगे फार कडक असतात. स्ट्रॉचे सांधे पाण्यात धरून फुंका, गळती असेल तर बुडबुडे येतील.

आजोबांना म्हणावं पार्टी बदला :) आधी छाती मोठी होते, मग हवा येते. श्वासपटल आकुंचन पावून खाली सपाट होतं, बरगड्या वर-बाहेर सरकतात, दाब जेमतेम १-२ मिमी पाऱ्याइतका उतरतो आणि तेवढ्यावर साधारण अर्धा लिटर हवा आत येते. त्यातली १५० मिली तर श्वासनळ्यांमधेच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतच नाही. शांत बसलेलं असताना श्वास सोडायला स्नायूंना जोरही लावावा लागत नाही, ताणलेली फुप्फुसं आपोआप मागे येतात.

पोकळी नसते. फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण आणि मधे द्रवाचा पातळ थर, दोन ओल्या काचा कशा एकमेकींवर सरकतात पण ओढून सुटत नाहीत, तसं. छातीला भोक पडून तिथे हवा शिरली तर फुप्फुस मिटतं.

प्रतिसाद २
अजून एक, खरं श्वासपटल सैल असताना घुमटासारखं वर असतं, तुमचं रबर सुरुवातीलाच सपाट आहे. मुलाला म्हणावं आधी ते थोडं आत ढकलून धर, मग खाली ओढ. हा फरक त्यानेच सांगितला तर परीक्षक खूश.

धागाकर्ती
जाड बाटलीने काम झालं, फुगे मस्त फुगतायत, धन्यवाद!! आजोबा मात्र अडून बसलेत, म्हणतात मग व्हेंटिलेटरचं काय?

प्रतिसाद १
तिथे आजोबा बरोबर. व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो आणि म्हणून छाती फुगते.